कराड ते चिपळूण : दोन खोऱ्यांना जोडणारी वाट

सह्याद्रीच्या पूर्वेकडील कृष्णाकाठ आणि पश्चिमेकडील कोकण यांना जोडणाऱ्या वाटांमध्ये कुंभार्ली घाटाचे स्थान महत्त्वाचे आहे. गुहागर-विजापूर मार्गाचा कराड ते चिपळूण हा सुमारे शंभर किलोमीटरचा टप्पा याच घाटातून जातो. उसाचे मळे, भाताची खाचरे, दाट अरण्य आणि शेवटी कोकणातील आंब्या-फणसांची गर्द झाडी, असे भूमीचे पालटते रूप या काही तासांच्या प्रवासात दृष्टीस पडते. परंतु या मार्गाचे खरे वैशिष्ट्य याहून निराळे आहे. राज्याच्या वीजनिर्मितीचा आणि सिंचनाचा मोठा आधार असलेले कोयनेचे पाणी येथे पर्वताच्या दोन्ही अंगांना वाटले जाते. ही वाटणी समजून घेतली म्हणजे वाटेवरील गावांचे जीवनही उलगडू लागते.

प्रीतिसंगमापासून पाटणपर्यंत

कराड येथे कृष्णा आणि कोयना या नद्या समोरासमोर येऊन मिळतात. या प्रीतिसंगमाच्या काठावरच यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे. संगमाचा निरोप घेऊन रस्ता पश्चिमेकडे वळतो आणि कोयनेच्या खोऱ्यातून वर चढू लागतो. प्रारंभी दोन्ही बाजूंना काळीभोर सपाट जमीन आणि उसाचे हिरवे पट्टे दिसतात. मल्हारपेठ ओलांडल्यावर डोंगर जवळ येऊ लागतात आणि शेतांचे आकार लहान होतात. पाटण येथे केरा नदी कोयनेला मिळते. आसपासच्या डोंगरी वाड्यावस्त्यांचे व्यवहार याच गावाच्या बाजारपेठेशी आणि कचेऱ्यांशी बांधलेले आहेत. पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठारावर उभारलेल्या पवनचक्क्या हे या डोंगरांचे अलीकडच्या काळातील नवे लेणे होय.

कोयनेचे वळण आणि धरण

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली कोयना सह्याद्रीला समांतर अशी दक्षिणेकडे वाहत येते आणि हेळवाकजवळ एकाएकी पूर्वेकडे वळते. या वळणाच्या वरच्या अंगाला, कोयनानगर येथे, १०३ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले. या परिसरात वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. धरणामागील शिवसागर जलाशयात शंभर अब्ज घनफुटांहून अधिक पाणी साठू शकते. १९६२ साली येथील वीजनिर्मितीस प्रारंभ झाला. चार टप्पे आणि धरण-पायथ्याचे वीजगृह मिळून प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे.

या प्रकाशाची किंमत कोयनाकाठच्या गावांनी मोजली. जलाशयाखाली त्यांची घरे, शेते आणि देवळे गेली. विस्थापित कुटुंबांपैकी काही सातारा जिल्ह्यातच राहिली, तर काहींना सांगली, सोलापूर, ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांत नवे संसार मांडावे लागले. धरण पूर्ण होऊन अनेक दशके लोटली, तरी पुनर्वसनाचे सर्व प्रश्न सुटले नाहीत. त्यातच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने या खोऱ्यावर मोठा आघात केला. त्यात सुमारे १८० माणसे दगावली. धरणाला तडे गेले. पुढे ते मजबूत करण्यात आले. या भूकंपांचा अभ्यास आजही चालू असून, त्यासाठी कराडजवळ हजारमाची येथे स्वतंत्र संशोधन प्रयोगशाळा उभारण्यात आली आहे.

घाटमाथ्यावरील जलविभाजक

कोयनानगर सोडल्यावर रस्ता घाटमाथ्यावर येतो. येथे पूर्वेच्या उतारावर पडलेला पाऊस कोयना-कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जातो, तर पश्चिमेच्या उतारावर पडलेला वाशिष्ठीवाटे अरबी समुद्र गाठतो. निसर्गाच्या या वाटणीत मानवाने फेरबदल केला. जलाशयाचे पाणी डोंगरातील बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली, पोफळी येथील भूमिगत वीजगृहात सोडले जाते. घाट उतरणाऱ्या प्रवाशाला हे काहीच दिसत नाही.

वीज निर्माण करणारे हे पाणी पूर्वेकडील शेतीला मुकते. म्हणूनच कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. पूर्वेकडे सोडलेल्या पाण्यावर टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजना अवलंबून आहेत. हाच रस्ता कराडच्या पूर्वेस ज्या जत तालुक्यातून जातो, तेथील दुष्काळी शिवारांच्या आशाही याच पाण्यावर खिळलेल्या असतात.

माथ्याभोवतीच्या वनांना १९८५ साली कोयना अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०१० साली ही वने सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाली आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कोयनेची नोंद झाली.

वाशिष्ठीच्या खोऱ्यात

घाटाच्या नागमोडी वळणांनंतर पोफळी, शिरगाव आणि अलोरे ही गावे लागतात. माती तांबडी होते, जांभ्या दगडाच्या भिंती दिसू लागतात आणि हवेत दमटपणा येतो. वीजगृहातून बाहेर पडलेले पाणी येथे वाशिष्ठीला मिळते. त्यामुळे ही नदी ऐन उन्हाळ्यातही वाहती राहते आणि चिपळूण परिसराची तहान भागते. पावसाळ्यात मात्र हीच नदी उग्र रूप धारण करते. २२ जुलै २०२१ रोजी आलेल्या महापुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली आणि शहराची अपरिमित हानी झाली.

पावसाळा ओसरल्यानंतरचे दिवस या प्रवासास उत्तम होत. भर पावसात घाटात धुके दाटते, दरडी कोसळण्याचा संभव असतो. म्हणून प्रवासापूर्वी रस्त्याची चौकशी करणे हिताचे ठरते. कोयनानगरचे नेहरू उद्यान आणि पाण्याने भरलेला जलाशय पाहून प्रवाशाचे मन प्रसन्न होते. त्या पाण्याखाली कोणाची तरी गावे आहेत आणि त्या पाण्याची वाट पाहणारी शेते दूर पूर्वेला आहेत, याची जाणीव ठेवून जो हा घाट उतरेल, त्याला या प्रवासाचे खरे फळ लाभले असे म्हणता येईल.