दूरचित्रवाणीचा हरवलेला आवाज आणि संगणकाचे स्पीकर

गेल्या पंधरा-वीस वर्षांत हर्सूल परिसरातील घराघरांत दूरचित्रवाणी संचाचे रूप पार पालटले. लोखंडी कपाटावर ऐसपैस बसणारा, पाठीमागे भलेमोठे पोट सुटलेला संच गेला आणि त्याच्या जागी भिंतीला खिळलेली सपाट काच आली. जुन्या संचांपैकी कितीतरी आपल्याच जिल्ह्यातील चितेगावच्या व्हिडिओकॉनच्या कारखान्यात तयार झालेले होते. त्या संचांचे चित्र आजच्या मानाने धूसर असे. परंतु आवाज मात्र भरदार येई, स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या बाईलाही बातम्या नीट कळत. नव्या संचाचे चित्र इतके लख्ख की क्रिकेटच्या चेंडूची शिवण दिसते, आणि आवाज मात्र डब्यात कोंडल्यासारखा. पुष्कळांना वाटते की आपलेच कान गेले. वस्तुतः बहुतेक वेळा दोष कानांचा नसून संचाच्या बांध्याचा असतो, आणि अल्प खर्चात त्याचे निवारण करता येते.

आवाज म्हणजे हवेचे हलणे. खर्जातला आवाज काढायचा तर स्पीकरच्या पडद्याला बरीच हवा ढकलावी लागते. त्यासाठी पडदा मोठा हवा आणि त्याच्या मागे पेटीत मोकळी जागा हवी. तबल्याच्या डग्ग्याला पोट का असते, याचे उत्तरही याच अंगाने मिळते. सपाट संचात ना मोठ्या पडद्याला जागा, ना पेटीला. त्यातून चित्राभोवती काळी कड नको म्हणून स्पीकर समोरून हलवून खालच्या कडेला किंवा पाठीमागे बसवले जातात. परिणामी संच बोलतो तो जमिनीशी किंवा भिंतीशी; आपल्या वाट्याला येतो तो परतून आलेला आवाज.

यात केवळ खर्ज हरवला असता तर फारसे बिघडले नसते. खरे नुकसान होते ते व्यंजनांचे. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. सेकंदाला १०० कंपने असलेल्या खर्जाच्या लहरीची लांबी त्यामुळे जवळजवळ साडेतीन मीटर भरते, तर ४००० कंपनांच्या लहरीची लांबी जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. लांब लहरी अडथळ्याला वळसा घालून पोचतात. आखूड लहरींना तो वळसा तितकासा साधत नाही. आपल्या बोलण्यातील स्वरांचा जोर मुख्यतः खालच्या पट्टीत असतो आणि स, श, फ, ख यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीतून पटते. म्हणून पाठमोऱ्या स्पीकरमधून माणूस बोलतो आहे एवढे कळते, पण तो काय बोलतो आहे ते निसटते. ‘पळ’ की ‘फळ’, ‘साल’ की ‘शाल’, हे ऐकणारा संदर्भावरून ताडत बसतो. वय वाढते तशी वरच्या पट्टीचीच श्रवणशक्ती आधी उणावते, त्यामुळे घरातील आजी-आजोबांवर हा दुहेरी घाव पडतो. ते आवाज वाढवायला सांगतात. आवाज वाढतो तो गडगडाटाचा, शब्दांचा नव्हे. मग सून चिडते, शेजारी भिंत ठोकतो आणि म्हातारे माणूस हळूहळू मालिका पाहणेच सोडून देते. अशी घरे मी आमच्या गल्लीतच तीन-चार पाहिली आहेत.

निवासी शाळेत तर हा प्रश्न अभ्यासाशी येऊन भिडतो. २०२० च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठमालिका लागू लागली आणि इयत्तावार शैक्षणिक वाहिन्याही त्याच वर्षी सुरू झाल्या. दूरचित्रवाणीवरून शिकणे ही तेव्हापासून नवलाची गोष्ट राहिली नाही. सभागृहात एक संच आणि त्यासमोर पन्नास-साठ मुले बसली की पुढच्या दोन रांगांना पाठ कळतो, मागच्यांना चित्र. गणिताच्या पाठात ‘घन संख्या’ आणि ‘धन संख्या’ यांत फरक एका व्यंजनाचा आहे. मागच्या रांगेतला मुलगा चुकीचे ऐकतो, हात वर करून विचारायला पडद्यावरचे शिक्षक समोर नसतात आणि ती चूक वहीत उतरते.

यावर बाजार सुचवतो तो उपाय म्हणजे साउंडबार किंवा होम थिएटर, तेही हप्त्यांवर. ज्यांना परवडते त्यांनी अवश्य घ्यावे. परंतु बोलणे स्वच्छ ऐकू यावे एवढीच अपेक्षा असेल, तर संगणकाच्या मेजावर ठेवतात ते साधे स्पीकर पुरेसे आहेत. ते एका माणसाच्या चेहऱ्याकडे रोखून बोलण्यासाठीच घडवलेले असतात. शिवाय ध्वनिवर्धक, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, त्यांच्या पोटातच असतो; निराळा घ्यावा लागत नाही. जुने मोठे संच अजून वापरात असणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. काचेच्या फुगीर नळीच्या संचाजवळ साधा स्पीकर ठेवला तर त्यातील चुंबकामुळे पडद्यावर रंगांचे डाग उमटतात. संगणकाचे पडदेही पूर्वी तशाच नळीचे असल्याने त्यासाठीच्या अनेक स्पीकरांतील चुंबकाला आवरण घातलेले असे. सपाट संचाला ही भीती नाही.

खरेदी करताना खोक्यावरील आकड्यांना भुलू नये. ‘२००० वॅट पीएमपीओ’ अशी जी अक्षरे ठळकपणे छापलेली असतात, त्यांना कोणतेही ठरलेले मोजमाप नाही; कारखानदाराला वाटेल तो आकडा. पाहायचा तो ‘आरएमएस’ पुढील आकडा. त्याहून पक्की कसोटी हवी असल्यास स्पीकर उलटा करून मागची चिठ्ठी वाचावी. तो विजेच्या तारेतून २० वॅट घेत असेल तर आवाजाच्या रूपाने सतत २० वॅटही देऊ शकणार नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम दुकानदारालाही लागू आहे. यूएसबीच्या तारेवर चालणाऱ्या लहानग्या जोडीची मर्यादा याच हिशेबाने कळते. संचाचे साधे यूएसबी द्वार ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर देते, म्हणजे अडीच वॅट, तेही दोन्ही स्पीकर मिळून. दहा बाय दहाच्या खोलीत बातम्या ऐकायला तेवढे चालते. मात्र वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होतो, हा समज सोडावा. वॅट दुप्पट झाल्यास भर पडते अवघी ३ डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट भासण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात.

पैठण गेट किंवा कॅनॉटच्या बाजूला फेरी मारली तर दोन प्रकार समोर येतात: नुसती जोडी, आणि जोडीबरोबर जमिनीवर ठेवायचा वूफर. तरुणांचा ओढा वूफरकडे असतो. माझे मत विचाराल तर त्याच पैशांत जरा मोठ्या पडद्याची, भिंतीतल्या विजेवर चालणारी नुसती जोडी घ्यावी. स्वस्त वूफर खर्जाचा चिखल करतो आणि त्या चिखलात व्यंजने पुन्हा रुततात. तोच खर्ज भिंतीतून शेजाऱ्याकडेही आधी पोचतो. रहिवासी भागासाठी २००० सालच्या नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, हे वूफरवाल्यांनी ध्यानात ठेवलेले बरे. दुकानात गाणे लावून पारख करू नये. मोबाइलवर बातम्या किंवा कीर्तन लावावे, सहा-सात पावले मागे सरकावे आणि शब्द वेगवेगळे कळतात का ते पाहावे.

आता जोडणीकडे वळू. निम्मे लोक इथेच अडतात आणि स्पीकर माळ्यावर जातो. संचाच्या मागे किंवा बाजूला हेडफोनचे चिन्ह असलेले लहान गोल भोक आहे का, ते प्रथम पाहावे. असल्यास काम संपले. स्पीकरची साडेतीन मिलिमीटरची पिन तिथे घालावी. बहुतेक संचांचा स्वतःचा आवाज आपोआप बंद होतो आणि रिमोटने स्पीकरचा आवाज कमी-जास्त करता येतो. ही सोय क्षुल्लक समजू नये. आजीला उठून स्पीकरची खुंटी पिळावी लागणार असेल, तर ती जोडणी फुकट आहे.

असे भोक नसेल तर लाल-पांढरी भोके शोधावीत. मात्र त्यांच्यावर ‘आउट’ असे लिहिलेले हवे. ‘इन’ लिहिलेल्या भोकात पिन घालून तासभर वाट पाहिली तरी आवाज येणार नाही. संचावर नसली तरी डीडी फ्री डिशच्या सेट टॉप बॉक्सवर पिवळे, लाल, पांढरे अशी तीन भोके सहसा मिळतात. चित्र एचडीएमआयच्या तारेने संचाकडे जात असले, तरी आवाज त्याच वेळी लाल-पांढऱ्या भोकांतून स्पीकरकडे नेता येतो. त्यासाठी एका टोकाला लाल-पांढऱ्या पिना आणि दुसऱ्या टोकाला स्पीकरची पिन बसेल असे भोक असलेली तार मागावी. संचाचा आवाज मग शून्यावर आणून ठेवावा आणि बॉक्सच्या रिमोटने काम चालवावे.

काही नव्या संचांवर यांपैकी काहीच नसते; असते ते फक्त चौकोनी झाकणाचे ऑप्टिकल द्वार. त्यातून लाल प्रकाशाच्या रूपाने आकडे बाहेर पडतात, आणि संगणकाच्या साध्या स्पीकरला आकडे वाचता येत नाहीत. आकड्यांचे पुन्हा ध्वनिसंकेतात रूपांतर करणारी काड्यापेटीएवढी डबी बाजारात मिळते. ती लावल्यावरही आवाज न आल्यास संचाच्या ध्वनिविषयक यादीत जाऊन ‘पीसीएम’ हा पर्याय निवडावा. स्वस्त डबीला ‘डॉल्बी’ची लिपी उलगडत नाही. या वाटेने बहुधा रिमोट आवाजावर चालत नाही, म्हणून मी तिला शेवटचे स्थान देतो.

बिनतारी ब्लूटूथचे काय, असे विद्यार्थी हमखास विचारतात. गाण्यांसाठी ते उत्तम आहे. दूरचित्रवाणीसाठी अडचण अशी की ध्वनी बांधून पाठवण्यात आणि पलीकडे सोडवण्यात सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा सहज जातो. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. कमी ऐकू येणारी माणसे नकळत ओठ वाचत असतात, त्यांचा तर याने अधिकच गोंधळ उडतो. साठ रुपयांची तार या बाबतीत सरस ठरते.

जोडल्यावर मंद घूं असा नाद येत राहिला तर स्पीकर बिघडला असे समजून परत करायला धावू नये. संच, बॉक्स आणि स्पीकर वेगवेगळ्या सॉकेटमध्ये असले की त्यांच्या तारांमधून एक वेटोळे तयार होते आणि घरातील विजेची ५० कंपने आवाजात शिरतात. तिन्ही एकाच विस्तार-पट्टीवर घ्यावेत. पुष्कळदा एवढ्यानेच नाद थांबतो. अर्थिंगची तिसरी पिन कापून नाद घालवण्याचा जो उपाय काही कारागीर सुचवतात, तो जिवावर बेतणारा आहे. तो कदापि करू नये.

स्पीकर ठेवायचे कुठे? संचाच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, तोंड किंचित आत वळवून. कपाटाच्या कप्प्यात खोल सारले की पुन्हा तोच कोंडलेला आवाज. खोलीचाही विचार करावा लागतो. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, त्या कमानदार छताच्या चैत्यगृहात, ज्यांनी एखादा शब्द उच्चारून पाहिला असेल, त्यांना दगडाच्या भिंती आवाज कसा घोळवतात हे ठाऊक आहे. संथ, लांबवलेल्या पठणाला तो घुमारा शोभतो. भराभर बोलणाऱ्या वृत्तनिवेदकाला तो गिळून टाकतो. आपल्या फरशीच्या, पत्र्याच्या छपराच्या, रिकाम्या भिंतींच्या खोल्या त्या लेण्याच्याच धाकट्या बहिणी होत. जमिनीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा, एका भिंतीला गोधडी किंवा पुस्तकांची मांडणी एवढ्यानेही शब्द सुटे होतात, आणि त्याला वीज लागत नाही.

सभागृहासाठी मात्र या स्पीकरांवर विसंबू नये. वीस-पंचवीस मुलांच्या वर्गखोलीपर्यंत ते साथ देतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. शाळेत कार्यक्रमांसाठी अहुजाचा किंवा तत्सम ध्वनिवर्धक असतोच. त्याच्या मागील ‘ऑक्स’ लिहिलेल्या भोकात संचाची तार नेली तर निराळ्या खर्चाची गरज नाही. त्याला कर्ण्याऐवजी उभे, उंच स्तंभासारखे स्पीकर जोडावेत. ते आवाज आडवा पसरवतात आणि वर-खाली कमी सांडतात, त्यामुळे छतावरून येणारा घुमारा घटतो. ते माथ्याएवढ्या उंचीवर बसवून मागच्या रांगेकडे झुकवावेत.

नवे घेण्यापूर्वी संगणक-कक्षाचे कपाट उघडून पाहावे. बंद पडलेल्या संगणकांबरोबर बाजूला सारलेल्या स्पीकरांच्या जोड्या तिथे धूळ खात पडलेल्या असतात. पडद्याभोवतीची रबराची कड चिरलेली नसेल, तर जोडी वापरण्याजोगी आहे. खुंटी फिरवताना खरखर होत असेल तर जोडी विजेपासून सोडवून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारावा आणि खुंटी वीस-पंचवीस वेळा मागे-पुढे फिरवावी. अ‍ॅडॅप्टर हरवलेला असल्यास हाताशी येईल तो लावू नये. स्पीकरच्या पाठीवर लिहिलेले व्होल्ट जुळले पाहिजेत आणि वीज एसी हवी की डीसी, हेही पाहिले पाहिजे, कारण काही जुन्या जोड्या एसीवर चालतात. जुळलेली जोडी आधी मोबाइलवर कमी आवाजात तासभर चालवावी, अ‍ॅडॅप्टरला हात लावून तो फार तापत नाही ना ते पाहावे, आणि मगच ती वर्गातल्या संचाजवळ न्यावी.