हुकूमनाम्यानंतर : जप्ती आणि लिलाव

दाव्याचा निकाल लागला की तंटा मिटला, अशी सर्वसामान्य माणसाची समजूत असते. प्रत्यक्षात न्यायाधीश निकाल देतो तेव्हा फिर्यादीच्या हाती पडतो तो केवळ एक कागद. त्या कागदाला हुकूमनामा म्हणतात. प्रतिवादीने अमुक रक्कम द्यावी, असे त्यावर लिहिलेले असते. परंतु प्रतिवादीने ती दिली नाही, तर कागद आपण होऊन पैसे वसूल करू शकत नाही. हुकूमनामा हाती आल्यावरच भारतातील पक्षकाराच्या अडचणींना सुरुवात होते, अशा आशयाचा अभिप्राय लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच व्यक्त केला होता. तो आजही वकीलवर्गात वारंवार आठवला जातो.

निकालाची अंमलबजावणी कशी करावी याचे नियम १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहेत. तिच्या २१ व्या आदेशात या विषयाचा तपशीलवार विचार केलेला आहे. ज्याच्या बाजूने निकाल लागला, त्या हुकूमनामाधारकाने न्यायालयाकडे दरखास्त दाखल करावी लागते. न्यायालय स्वतःहून वसुलीला निघत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी दरखास्तीची मुदत १९६३ च्या मुदत अधिनियमाप्रमाणे बारा वर्षांची आहे. दरखास्तीत ऋणकोच्या कोणत्या मालमत्तेवर जप्ती आणावयाची, हे हुकूमनामाधारकालाच दाखवून द्यावे लागते.

जंगम मालमत्ता असेल, तर न्यायालयाचा बेलीफ ती प्रत्यक्ष ताब्यात घेतो. मात्र त्याच्या अधिकाराला मर्यादा आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी त्याला राहत्या घरात शिरता येत नाही. रूढीप्रमाणे परपुरुषांसमोर न येणारी स्त्री खोलीत असेल, तर तिला बाहेर जाण्यास पुरेसा अवधी द्यावा लागतो. जमीन किंवा घर यांची जप्ती निराळ्या रीतीने होते. तेथे ऋणकोला मालमत्ता विकण्यास वा गहाण टाकण्यास मनाई करणारा हुकूम निघतो. तो हुकूम दवंडी पिटून किंवा गावच्या अन्य प्रथेप्रमाणे जाहीर केला जातो आणि त्याची प्रत मालमत्तेवर व न्यायालयात ठळक जागी लावली जाते. त्यानंतर ऋणकोने खाजगी रीतीने ती मालमत्ता कोणास विकली, तरी जप्तीखालील मागणीपुरता तो व्यवहार निरर्थक ठरतो.

प्रत्येक वस्तूवर जप्ती आणता येत नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. संहितेच्या ६० व्या कलमात जप्तीपासून मुक्त असलेल्या वस्तूंची यादी आहे. ऋणको, त्याची पत्नी व मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण यांना हात लावता येत नाही. धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने मुक्त आहेत. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औजारे, उपजीविकेसाठी लागणारी गुरे व बियाणे, त्याचप्रमाणे शेतकऱ्याचे व मजुराचे राहते घर, यांनाही सामान्यतः संरक्षण आहे. पोटगीखेरीज इतर हुकूमनाम्यांत नोकरदाराच्या पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग जप्त होत नाही. म्हणजे जप्तीयोग्य पगार ३१,००० रुपये असेल, तर दरमहा १०,००० रुपयांपर्यंतच जप्ती येऊ शकते. आणि अशी जप्ती एकंदर चोवीस महिने झाली, की त्या हुकूमनाम्यापुरता पगार मुक्त होतो. देणे फेडलेच पाहिजे, परंतु ते फेडताना माणूस कमावण्यास असमर्थ होता कामा नये, हे या यादीमागील सूत्र आहे.

या सूत्राची किंमत महाराष्ट्राला इतिहासाने शिकविली. एकोणिसाव्या शतकात सावकार न्यायालयांतून एकतर्फी हुकूमनामे मिळवीत आणि त्यांच्या बळावर कुणब्यांच्या जमिनी घेत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांवर उठाव केला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. दंगेखोरांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता. त्यांना हवे होते सावकारांकडील रोखे आणि हुकूमनामे. ते हिसकावून जाळण्यात आले. या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. खास गहाण दिलेली नसेल, तर शेतकऱ्याची जमीन पैशाच्या हुकूमनाम्यात जप्त करून विकू नये, असे त्याने ठरविले. हा कायदा पुढे रद्द झाला, पण त्यामागील प्रश्न राहिला.

जप्तीनंतर लिलावाची पाळी येते. विक्रीची वेळ व जागा, मालमत्तेचे वर्णन, तिच्यावरील बोजा आणि वसूल करावयाची रक्कम न्यायालय जाहीरनाम्यात नमूद करते. जाहीरनामा न्यायालयात लावल्यापासून स्थावर मालमत्तेच्या बाबतीत किमान पंधरा, तर जंगमाच्या बाबतीत किमान सात दिवस जावे लागतात. हुकूमनामाधारकाला परवानगीवाचून बोली बोलता येत नाही. शेवटची बोली पक्की होण्यापूर्वी ऋणकोने देणे व खर्च भरला, तर लिलाव तेथेच थांबतो.

घर ४ लाख रुपयांना गेले असे समजू. खरेदीदाराने २५ टक्के, म्हणजे १ लाख रुपये ताबडतोब आणि उरलेले ३ लाख पंधरा दिवसांत भरावयाचे असतात. ते न भरल्यास फेरलिलाव होतो. त्यानंतरही ऋणकोला एक दार उघडे असते : साठ दिवसांत त्याने जाहीरनाम्यातील रक्कम आणि खरेदीदारासाठी किमतीच्या पाच टक्के, म्हणजे या उदाहरणात २०,००० रुपये भरले, तर विक्री रद्द होते. लिलावात लबाडी किंवा गंभीर अनियमितता होऊन भरीव नुकसान झाले असेल, तरीही ती रद्द करता येते. यांपैकी काहीच न घडल्यास न्यायालय विक्री कायम करते आणि खरेदीदाराला दाखला देते.

किती विकावे, यालाही बंधन आहे. देणे फेडण्यास लागेल तेवढाच भाग विकावा, असे संहिता सांगते. सुमारे अडीच हजार रुपयांच्या वसुलीसाठी दहा एकर जमीन विकली गेल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा १९८९ मध्ये न्यायालयाने ती विक्री टिकू दिली नाही. थोड्या भागाने काम भागेल काय हे पाहणे ही न्यायालयाची मर्जी नसून कर्तव्य आहे, असे त्याने बजावले. ऋणकोला कैदेत टाकण्याबाबतही १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले, की केवळ पैसे न देणे हा अपराध नव्हे. ऐपत असूनही दुष्ट बुद्धीने देणे चुकविणाऱ्याचीच गोष्ट निराळी.

याची दुसरी बाजूही विसरता येणार नाही. हुकूमनामाधारक नेहमी धनाढ्य सावकारच असतो असे नाही. मजुरी थकलेला कामगार, माल उधारीवर दिलेला लहान दुकानदार, पोटगीची वाट पाहणारी स्त्री, हेही न्यायालयाच्या दारी दरखास्त घेऊन उभे असतात. हरकतींवर हरकती घेऊन चलाख ऋणको त्यांना वर्षानुवर्षे ताटकळत ठेवू शकतो. म्हणूनच दरखास्तीचा निकाल सहा महिन्यांत लागावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. विलंबाने एकाचा न्याय कागदावर राहतो आणि घाईने दुसऱ्याचे छप्पर जाते. या दोहोंमधील वाट काढणे, हेच जप्ती आणि लिलावाच्या साऱ्या नियमांचे प्रयोजन आहे.