घरच्या माणसाला व्हिसा लागतो

परदेशी सून किंवा जावई घरात आला, की त्याला आपलंसं करायला मराठी कुटुंबाला फार वेळ लागत नाही. कायद्याला मात्र वर्षं लागतात, आणि त्या वर्षांची तयारी बहुतेक जोडप्यांनी केलेली नसते.

सुरुवात लग्नापासूनच होते. वधूवरांपैकी एक जण हिंदू नसेल, तर नुसत्या सप्तपदीने हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न होत नाही. तिथे 1954 चा विशेष विवाह कायदा लागतो. नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटीस लागल्यावर हरकतींसाठी आणखी 30 दिवस जातात. परदेशी जोडीदाराकडे त्याच्या दूतावासाचा लग्नाला अडथळा नसल्याचा दाखलाही बहुधा मागितला जातो. पर्यटक म्हणून थोड्या दिवसांसाठी येऊन हे सगळं उरकणं अवघडच.

लग्न झालं तरी राहण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. भारतीयाच्या जोडीदाराला एंट्री व्हिसा मिळतो. मुक्काम 180 दिवसांपेक्षा जास्त असेल, तर आल्यावर 14 दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करायची असते. मुदत संपत आली की पुन्हा अर्ज, पुन्हा पत्त्याचा पुरावा, पुन्हा लग्नाचा दाखला.

यातून मोकळीक देतं ते ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड. लग्नाची नोंदणी झालेली हवी आणि अर्जाच्या लगेच आधीची सलग दोन वर्षं ते टिकलेलं हवं. वर सुरक्षा तपासणी असते. कार्ड मिळालं की आयुष्यभर ये-जा करता येते, नोंदणी कार्यालयाच्या खेपा थांबतात. तरीही मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्याचे आईवडील, आजीआजोबा किंवा पणजीपणजोबा कधी पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिक होते, त्याला हे कार्डच मिळत नाही, मग त्याचा आजचा पासपोर्ट कोणत्याही देशाचा असो.

नागरिकत्वासाठी सात वर्षांचं वास्तव्य लागतं आणि मूळ देशाचं नागरिकत्व सोडावं लागतं, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हातारे आईवडील त्या देशात असतील, तर हा निर्णय किती जड जातो, हे वेगळं सांगायला नको.

नागरिकत्वाचा हा कायदा बदलू शकतो, हे त्याच्याच इतिहासात दिसतं. 1955 च्या मूळ कायद्यात लग्नाच्या आधारे नोंदणी करून नागरिक होण्याची वाट फक्त भारतीयांच्या परदेशी बायकांना होती. भारतीय स्त्रीच्या परदेशी नवऱ्याला ती 1986 च्या दुरुस्तीने मिळाली. परदेशात जन्मलेल्या मुलाला आईकडून भारतीय नागरिकत्व मिळू लागलं ते 1992 च्या दुरुस्तीनंतर.

मुलांच्या बाबतीत आजही एक नियम फार कडक आहे. 3 डिसेंबर 2004 पासून भारतात जन्मलेल्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळायला आईवडील दोघेही भारतीय हवेत. किंवा एकच भारतीय असेल, तर दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. व्हिसाची मुदत उलटून राहिलेली व्यक्तीही त्या व्याख्येत बसते. म्हणजे बाळंतपणाच्या धांदलीत मुदतवाढ राहून गेली, तर त्याची किंमत बाळाला मोजावी लागू शकते. म्हणून लग्नाची नोंदणी लगेच करावी आणि व्हिसाच्या तारखांवर दोघांनीही लक्ष ठेवावं.

पण सगळी जबाबदारी जोडप्यावर टाकून चालणार नाही. घटस्फोट झाला, तर लग्नामुळे मिळालेलं ओसीआय कार्ड सरकार रद्द करू शकतं. त्रास देणाऱ्या जोडीदाराला सोडू पाहणाऱ्या परदेशी स्त्रीला ही भीती घरातच अडकवून ठेवू शकते. जिने इथे संसार केला, जिची मुलं इथल्या शाळेत जातात, तिचा इथे राहण्याचा हक्क नवऱ्याच्या मर्जीवर असू नये. काही वर्षांच्या वास्तव्यानंतर तिला स्वतःच्या नावावर स्वतंत्र निवासहक्क मिळायला हवा. 1986 आणि 1992 मध्ये संसदेने अशाच दुरुस्त्या केल्या होत्या. ही पुढची दुरुस्ती मागायला आता सुरुवात करायला हवी.