रिझलिंग: गोडीमागचा आंबटपणा
बोरी परिसरातील शेतकरी बंधूंनो, द्राक्ष म्हटलं की आपल्याला थॉमसन आठवतं. वाइनचं द्राक्ष वेगळं. मणी बारीक, आत बिया. रिझलिंग हे जर्मनीतल्या थंड ऱ्हाईनकाठचं पांढरं वाण. नाशिकला सुला कंपनीनं त्याची वाइन काढली. रस आंबताना साखरेचं मद्यार्क बनतं. थोडी साखर शिल्लक असतानाच रस गार करून आंबणं थांबवलं, की वाइन किंचित गोड राहते. पण खरी लज्जत आंबटपणात! पन्ह्यात कैरी नसेल तर नुसतं गूळपाणीच की. वास हिरव्या सफरचंदाचा. जुनी झाली की चक्क रॉकेलसारखा, आणि जाणकारांना तोही आवडतो. नाशिकच्या गार रात्रींत मण्यातला आंबटपणा टिकतो. आपल्याकडं ऊन तापलं की तो झपाट्यानं उतरतो. तेव्हा कारखान्याशी लेखी करार झाल्याशिवाय एक काडीही लावू नका. हा माल खाण्याच्या बाजारात खपत नाही.