आदित्य ३६९ आणि गंगाधरपंत

चिक्कडपल्लीत राहणाऱ्याला सिनेमाचं वावडं असून चालत नाही. आरटीसी क्रॉस रोड्सची थिएटरं आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर. मोठ्या हिरोचा सिनेमा लागला की फटाक्यांनीच जाग येते. सिटी सेंट्रल लायब्ररीही जवळच आहे, पण तिथे फटाके वाजत नाहीत.

एप्रिल २०२५ मध्ये ‘आदित्य ३६९’ पुन्हा प्रदर्शित झाला. सिंगीतम श्रीनिवासरावांचा हा तेलुगू सिनेमा १९९१ साली मी ह्यांच्याबरोबर पाहिला होता. आता बारा वर्षांच्या नातवाला घेऊन गेले. त्याने आदल्या वर्षी ‘कल्की २८९८ एडी’ पाहिलेला, म्हणून हे जुनं यंत्र बघून तो हसेल अशी धास्ती होती. हसला, पण यंत्राला नाही. बालकृष्ण कृष्णदेवरायाच्या दरबारात पोचतो आणि तेनाली रामाशी त्याची गाठ पडते, तिथे खदखदून हसला. सालारजंग म्युझियममधल्या हिऱ्याची चोरी बघून तर म्हणाला, “आजी, हे म्युझियम आम्ही शाळेतून बघितलंय!” भविष्यकाळ सुरू झाला तसा मात्र चुळबुळायला लागला.

मला त्याचं पटलं. भविष्य दाखवायचं म्हणजे सेट उभारायचा, आणि सेट जुना होतो. दरबारात अडकलेला आजचा माणूस जुना होत नाही.

पुढच्याच महिन्यात, २० मे रोजी, जयंत नारळीकर गेले. घरातल्या माळ्यावरून त्यांची पुस्तकं काढली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंकडून लिहवून घेऊन. बक्षीस मिळालं ते कथेला, नावाला नाही. ही गोष्ट नातवाला फार आवडली. पुस्तक मात्र त्याने हातात घेतलं नाही. शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी येते, पण दोन ओळींत दमतो. “तू वाच, मी ऐकतो,” म्हणाला. तेवढंही माझ्यासाठी पुष्कळ होतं.

मी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ निवडली. इतिहासाचे प्राध्यापक गायतोंडे एका अपघातानंतर भलत्याच मुंबईत जाऊन पडतात. तिथे ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य संपलेलंच नाही. असं का, हे शोधायला पंत काय करतात? लायब्ररीत जाऊन स्वतःच लिहिलेला इतिहास वाचतात. पानिपतात विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून गेलेली असते. मराठे जिंकलेले असतात.

“मशीनच नाही?” नातवाची पहिली तक्रार. मग, “लढाई कधी दाखवणार?”

लढाई नाहीच. सिनेमावाल्यांनी या कथेत हत्ती, तोफा आणि दोन गाणी घातली असती. कथेत एक म्हातारा पानं उलटतोय, आणि तरी आपला श्वास अडकतो, कारण शोधाचं काम आपणही त्याच्याबरोबर करत असतो. अशक्य गोष्ट एकच, एका गोळीची. त्यापुढचा हिशोब चोख. शेवटी राजेंद्र देशपांडे विज्ञानाच्या आधाराने उलगडा करतात तेव्हा फसवल्यासारखं वाटत नाही. माझ्या मते चांगल्या विज्ञानकथेची खूण हीच, मग ती छापलेली असो की पडद्यावरची: थाप एकच मारावी आणि तिचे परिणाम शेवटपर्यंत सोसावेत.

सिनेमाला कमी लेखत नाही हं. एच. जी. वेल्सच्या ‘टाइम मशीन’वर १९६० साली निघालेल्या सिनेमात प्रवासी खुर्चीत बसून असतो आणि समोरच्या दुकानातल्या पुतळीचे कपडे भराभर बदलत जातात. वर्षं सरली हे सांगायला एक शब्द लागत नाही. १८९५ च्या पुस्तकात ही पुतळी नाहीच. पण पुस्तकात पुढे विझत चाललेला सूर्य आणि निर्जन किनारा आहे. तो सिनेमाने गाळला. प्रेक्षक घरी काय घेऊन जातील, याची धास्ती असावी.

आमच्या नातवाने घरी काय आणलं, ते दोन दिवसांनी कळलं. जेवताना म्हणाला, “आजी, पणजोबा तेव्हा गेले असते तर?”

माझे सासरे परभणीकडचे, नोकरी हैदराबादला. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. गाव तिकडे गेलं, सासरे इकडे राहिले. का राहिले, हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. एकदा फक्त म्हणाले होते की ट्रंक भरून तयार होती. हे मी नातवाला कधीतरी सांगितलं असणार.

त्याने वही काढली आहे. त्या ट्रंकेपासूनच गोष्ट सुरू केली आहे. मराठीत. मधेमधे तेलुगू शब्द आहेत, काना-मात्रांचा आनंदच आहे, आणि पणजोबा परभणीला उतरताच त्याची गाडी अडली आहे. कारण तिकडे गेल्यावर त्याची आजी, म्हणजे मी, या घरात येतच नाही. माझं माहेर सुलतान बाजारातलं.

“मग तुला कुठून आणू?” त्याने काल विचारलं. मी म्हटलं, तुझं तू बघ. यंत्र मात्र घालायचं नाही.