मोकळ्या टाचेसाठी स्की निवडताना

नॉर्वेतल्या टेलेमार्क भागातला, मॉर्गेडालचा सोंद्रे नोरहाइम १८६८ मध्ये ख्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ऑस्लोच्या, स्पर्धेत उतरला आणि त्याची वळणं पाहून लोक थक्क झाले. त्याच भागाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या टेलेमार्क शैलीत बुटाचा फक्त पुढचा भाग स्कीला जखडलेला असतो. वळताना एक पाय पुढे सरकतो, मागचा गुडघा झुकतो, टाच उचलली जाते आणि त्या पायाचा सगळा भार चवड्यावर येतो.

म्हणून आधी पाहायचा तो स्कीचा ताठरपणा. फार ताठ स्की मागच्या पायाखाली नीट वाकत नाही, तिची कड बर्फात धरत नाही. फार मऊ असली तर कडक बर्फावर थरथरते. मध्यमच बरी.

मग रुंदी. मधोमध ९० ते १०० मिलिमीटर असलेली स्की यंत्रानं दाबलेल्या उतारावर वळते आणि भुसभुशीत हिमातही बऱ्यापैकी तरंगते. एकाच जोडीवर सगळा डोंगर फिरायचा, तर हाच पट्टा उत्तम. लांबी साधारण आपल्या उंचीइतकी.

बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला जखडणाऱ्या पकडीचा, विचार मात्र बुटांसोबतच करावा: बुटाची चोच पकडणारी जुनी ७५ मिलिमीटरची पद्धत आणि नवी एनटीएन, दोन्हींचे बूट वेगळे असतात.