धामवरच्या धुक्यात रेघा का उमटत नाहीत?

थंडीत भल्या पहाटे वर्ध्याहून पवनारला गेलं की धाम नदीवर धुकं तरंगताना दिसतं. हवा गार झाली की तिच्यातली वाफ थेंब होऊ पाहते. पण थेंबाला बसायला काहीतरी लागतं. बहुतेक वेळा धूळ.

भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी १८९४ मध्ये स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावर ढगांवरची रंगीत वलयं पाहिली आणि ती प्रयोगशाळेत करायला घेतली. काचेच्या भांड्यात दमट हवा भरायची, दट्ट्या झटकन ओढायचा. हवा पसरते, गारठते, धुकं धरतं. खाली बसणारे थेंब धूळही घेऊन जातात. चार-दोनदा असं केलं की हवा निर्धूळ होते आणि धुकं धरेनासं होतं. मात्र हवा एकदम सव्वापट पसरवली की पुन्हा थेंब! हे बसतात आयनांवर, म्हणजे विद्युतभारित अणूंवर. वेगवान कण वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवत जातो आणि मागे आयनांची रांग सोडतो. बैलगाडी पुढे निघून जावी आणि रस्त्यावर धुरळा रेंगाळावा, तसं. त्या रांगेवर थेंब बसले की रेघ उमटते. १९११ मध्ये विल्सन यांना अशा रेघा दिसल्या. १९२७ मध्ये नोबेल मिळालं.

रेघ वाचावी कशी, हे कार्ल अँडरसन यांच्या २ ऑगस्ट १९३२ च्या फोटोत बघावं. त्यांचं भांडं जबर चुंबकात होतं. चुंबकात धन कण एका बाजूला वळतो, ऋण दुसऱ्या. पण कण वरून आला की खालून, हे कळल्याशिवाय त्या वळणाला अर्थ नाही. म्हणून मधोमध ६ मिलिमीटरचा शिशाचा पत्रा. त्यातून जाताना कण मंदावतो, आणि मंद कण जास्त वळतो. फोटोत वरची रेघ जास्त वाकलेली. म्हणजे स्वारी खालून वर निघालेली, आणि तशी वळली म्हणजे धन! प्रोटॉन असता तर अर्ध्या सेंटिमीटरात थांबला असता. हा पाचाहून जास्त गेला. इलेक्ट्रॉनइतकाच हलका, पण धन: पॉझिट्रॉन. १९३६ चं नोबेल.

त्याच वर्षी मुंबईच्या होमी भाभांचा केंब्रिजहून निबंध आला: पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनवर आदळून कसा विखुरतो, याचं गणित. आजही त्याला ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणतात.

पवनारच्या पुलावर तळहात आडवा धरला, तर अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांतून आलेला एखादा कण दर सेकंदाला त्यातून आरपार जातो. धामवरच्या धुक्यातूनही जातो. पण तिथे धूळ भरपूर. वाफ आयनांची वाट बघत थांबतच नाही.